मेरिंडीचं ऊन

१

डबी उघडली. आत लाल मखमल होती आणि मखमलीवर नथीचा नुसता ठसा. नथ नव्हती.

रेखाने डबी उलटी केली, झटकली, मखमल नखाने उचकटून पाहिली आणि मटकन खुर्चीत बसली. पंच्याण्णव सालचा जुलै, शुक्रवारची संध्याकाळ. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या तिच्या घरात आम्ही पाच जण होतो. रेखा, तिचा नवरा प्रसन्न, त्यांचा मुलगा विवेक, विवेकची होणारी बायको उपासना, आणि मी, मृणालिनी. डेट्रॉइटच्या एका इस्पितळात मी निवृत्त होईपर्यंत पॅथॉलॉजिस्ट होते. रोगी काय सांगतो त्यापेक्षा काचपट्टीवर काय दिसतं त्यावर माझा विश्वास. त्यामुळे माणसं मला जरा टरकूनच असतात आणि माझी त्याला हरकत नाही.

नथ प्रसन्नच्या आईची. आईमागे ती प्रसन्नची थोरली बहीण शोभना हिच्याकडे गेली. शोभना माझी पुण्याची कॉलेजातली मैत्रीण. ऑस्ट्रेलियात समुद्राजवळच्या मेरिंडी नावाच्या छोट्या गावात तिचे यजमान अनिलराव डॉक्टर होते. ते गेल्यावरही ती तिथेच राहिली. आम्ही पाचही जण तिच्याकडे सुट्टी काढून नुकतेच परतलो होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने ही डबी रेखाच्या हातात दिली आणि म्हणाली, "आत्ता नको. नोव्हायला गेल्यावर सगळ्यांसमोर उघड." पर्समध्ये उघडू नये म्हणून अनिलरावांच्या दवाखान्यातली चिकटपट्टी तिने डबीला घट्ट गुंडाळली होती. आज ती पट्टी कापायला मीच कात्री दिली. पट्टी अगदी जशीच्या तशी होती.

रविवारी विवेक-उपासनाचा साखरपुडा होता. डबी समोर आली तेव्हा उपासना दोनदा म्हणाली होती, "काकू, तुम्हीच उघडा ना." तेव्हा ती गालातल्या गालात हसत होती. आता चौघांच्या नजरा तिच्याकडे वळल्या तसं तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"माझ्याकडे का पाहता सगळे?" ती म्हणाली.

तिने विवेककडे पाहिलं. विवेक डबीकडे पाहत राहिला. मग तिने पर्स उचलली, गाडीची किल्ली काढली आणि ती निघून गेली.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर प्रसन्नने चष्मा काढून पुसला. "मी हे सांगणार नव्हतो," तो हळूच म्हणाला. "पण मी पाहिलंय. नथ तिने घेताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

२

स्पष्टच सांगते. प्रसन्न-रेखा ब्राह्मण, मीही. उपासना नागपूरच्या आंबेडकरी बौद्ध घरातली, एमएस करायला आली आणि इथल्या एका मोटार कंपनीत ब्रेकच्या डिझाइनवर काम करू लागली. रेखाने पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं, उघडउघड. प्रसन्नने मात्र मुलाची पाठ थोपटली. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्टेजवर तो समतेवर फार सुंदर बोलतो, टाळ्या पडतात. म्हणूनच त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर सगळ्यांना खरं वाटलं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. पुढे हिलाच मिळणारी नथ ही चोरेल कशाला?

त्याचं म्हणणं असं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे देवमासे बघायला टेकाडावर गेलो, तो गुडघ्यामुळे शोभनाच्या घरी मागच्या डेकवर, उघड्या लाकडी ओट्यावर, बसला. डेकवरून काचेच्या दारातून शोभनाची खोली दिसते. उपासना एकटी परत आली, कपाट उघडलं, डबीतून काहीतरी काढून खिशात घातलं. "कोवळं वय आहे, मोह झाला असेल," तो म्हणाला. "पोलीस वगैरे नको. फक्त रविवारचं कॅन्सल करू. तिच्या वडिलांना मी समजुतीचा फोन करतो."

"रविवारला अजून मधे अख्खा एक दिवस आहे," मी म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत कोणी कुठेही फोन करायचा नाही."

घरी आले आणि डोळ्यांसमोर मेरिंडी उभं केलं. तुम्हाला सांगते, असं निवांत गाव मी पाहिलं नाही. शनिवारी दुपारी दुकानं बंद करून दुकानदार गळ घेऊन मासे पकडायला जातात. माणसं अनवाणी पावाच्या दुकानात शिरतात आणि दुकानदारीण त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करत पाव कापते. मासे साफ करायच्या ओट्याशी पाणकोळी पंगतीला बसल्यासारखे ओळीने उभे. पोस्टातल्या बाईने दुसऱ्याच दिवशी मला नावाने हाक मारली, तीही बरोबर, आणि इथे नोव्हायच्या बँकेत मी अजून मिस लिनी आहे. दाराला कुलूप लावणं तिथे अपमान समजतात. शोभनाला मी म्हटलं, "अगं, चोर आला तर?" ती म्हणाली, "आला तर चहा घेईल."

जुलै म्हणजे तिथे थंडी. आमच्यासारखी हाडं गोठवणारी नव्हे, शाल घेऊन उन्हात बसावं इतपत. समुद्र घराच्या पूर्वेला. पुढचं अंगण आणि पत्र्याचं गॅरेज उत्तरेला, गावाकडे. मागे दक्षिणेला लाकडी डेक, थेट आमच्या नोव्हायच्या डेकसारखा. घर लहान, म्हणून मी आणि उपासना शोभनाकडे, आणि प्रसन्न, रेखा, विवेक किनाऱ्यावरच्या मोटेलमध्ये. पहिला दिवस आणि देवमाशांची दुपार सोडली तर ते फक्त रात्रीच्या जेवणाला यायचे.

माझ्या बॅगेतलं मेतकूट विमानतळावरच्या तपासणीवाल्याने हुंगून हुंगून जप्त केलं होतं. प्रसन्न तेव्हा माझ्यामागे रांगेत उभा राहून घामाघूम झाला होता. मेतकुटाची भरपाई म्हणून मी शोभनाला साबुदाण्याच्या चिकवड्या घालून द्यायचं ठरवलं. पोचलो त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, मागच्या डेकवर प्लास्टिक अंथरून मी चिकवड्या घातल्या. दोन दिवस झाले तरी लगदाच. शोभना हसत सुटली, म्हणाली, "पुढे ने गं त्या." मग उपासना शिडी लावून गॅरेजच्या पत्र्यावर चढली आणि मी खालून एकेक प्लास्टिक वर दिलं. तिथे त्या खडखडीत वाळल्या.

शोभनाची एकच गोष्ट मला जपून वागायला लावणारी होती. तिच्या खोलीतल्या कपाटात अनिलरावांचा कोट टांगलेला होता. मी माझा स्वेटर त्याच्या शेजारी अडकवायला गेले तर तिने माझा हात धरला. "त्याला हात नको लावूस. मीसुद्धा लावत नाही," ती म्हणाली. मी स्वेटर गुपचूप खुर्चीवर टाकला.

३

शनिवारी सकाळी पहिल्यांदा उपासनाकडे गेले. तिने दार उघडलं ते साखळी न काढता.

"डॉक्टरकाकू, तुम्हीही विचारायलाच आल्या असाल."

"हो. विचारायलाच आले. काल कोणी विचारलंच नाही."

तिने साखळी काढली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. सुटकेस उघडी पडली होती, अर्धी भरलेली. "नागपूरला जाऊन येते म्हणते," ती म्हणाली. "बाबांना फोनवर नाही सांगता यायचं हे. त्यांनी तिकडे पूर्ण वस्तीला पेढे वाटून ठेवलेत, काकू."

"टेकाडावरून परत का आलीस त्या दिवशी?"

"रेखाकाकूंना थंडी वाजत होती. त्यांनी मला म्हटलं, शोभनाताईंच्या खोलीत माझी शाल राहिली, आणतेस का. त्यांनी मला पहिल्यांदा काही काम सांगितलं होतं. मी पळत गेली."

"खोलीत गेलीस?"

"गेली ना. शाल पलंगावर होती. घेतली न् निघाली. कपाटाला हात नाही लावला."

"काका कुठे होते?"

"दिसले नाही. काचेचं दार समोरच होतं, पडदा उघडा होता. डेकवर कोणीच नव्हतं. मला वाटलं, बाथरूममध्ये असतील. दार लागलेलं होतं."

"आणि काल तू रेखाला डबी उघडायला का लावलीस? हसत होतीस."

तिने सुटकेसचं झाकण लोटलं. "ते नाही सांगत," ती म्हणाली. "चोर ठरल्यावर ते सांगितलं तर बचाव केल्यासारखं दिसेल. मला तसा बचाव नाही करायचा."

मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. "संध्याकाळी सहाला प्रसन्नकडे यायचं," मी म्हटलं. "सुटकेस नंतर भर."

तिथून रेखाकडे गेले, तर ती स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. तिच्यावर संशय घ्यायला मी एका पायावर तयार होते, कारण डबी सगळा प्रवासभर तिच्याच पर्समध्ये होती. पण शोभनाने गुंडाळलेली पट्टी जशीच्या तशी होती. म्हणजे नथ गेली ती पट्टी लागायच्या आधी, मेरिंडीतच, आणि शोभनाने डबी न उघडताच गुंडाळली. टेकाडावर गेलो त्याच्या आदल्या रात्री शोभनाने ती सुनेसाठी म्हणून सगळ्यांना दाखवून कपाटात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोभना घर सोडून कुठे गेली नाही, आणि दुपारी रेखा टेकाडावर माझ्याच शेजारी कुडकुडत होती.

"शाल आणायला तू पाठवलंस उपासनाला?"

"मीच पाठवलं," रेखा म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मला ती नकोय सून म्हणून, ते मी तिच्या तोंडावर सांगितलंय. पण पाठवलं मीच." मग तिचा हात थांबला. "ताई, तीस वर्षं मी त्या घरची सून. सासूबाईंनी ती नथ मला एकदाही नाकाला लावू दिली नाही. म्हणायच्या, तुझं नाक बसकं, शोभायची नाही. आता कालची आलेली पोरगी लावणार होती. मला वाईट वाटलं होतं, नाही कशाला म्हणू? पण मी चोरी करणारी नाही. आणि तीही चोरटी वाटली नव्हती मला, खरं सांगते."

विवेक बेसमेंटमध्ये बंद टीव्हीसमोर बसला होता. "काकू, आय डोन्ट नो," तो म्हणाला. "डॅड कशाला खोटं बोलेल? डॅड लाइक्स हर. आणि तिथे दारं उघडीच असतात. कोणी बाहेरचा आला असेल, नाही का?"

"बाहेरचा चोर ओट्यावरची शोभनाची पर्स आणि तुझा कॅमेरा सोडून कपाटातली नथ नेईल? आणि डबी परत लावून ठेवेल?"

त्याने रिमोट उचलून परत खाली ठेवला.

"तिला फोन केलास?"

"काय बोलू ते सुचलं नाही."

"गाढवा," मी म्हटलं, आणि वर आले.

४

प्रसन्न डेकवर बसला होता. दक्षिणेकडे तोंड असलेला त्याचा डेक, दुपार कलायला लागलेली, ऊन समोरून येत होतं. मी शेजारची खुर्ची ओढली.

"परत एकदा सांग," मी म्हटलं. "मला नीट समजू दे."

"ताई, मला या पोरीचं वाईट वाटतंय हो."

"मलाही वाटतंय. सांग."

"तुम्ही सगळे गेलात आणि मी मागच्या डेकवर जाऊन बसलो. अगदी असंच बसलो होतो, असंच ऊन तोंडावर. इतकं छान की स्वेटर काढून ठेवला. डुलकी लागणार एवढ्यात आत हालचाल दिसली."

"घरात का नाही बसलास?"

"थंडीतलं ऊन कोण सोडतं, ताई?" तो हसला. "शिवाय तुमच्या चिकवड्या राखायला नको? समोरच पसरल्या होत्या. एक उचलून खाल्लीसुद्धा, कडकडीत वाळली होती."

"छान झाली होती ना?"

"एकदम फर्स्ट क्लास."

मी उठले. मला नुसतं पुराव्याशी काम नव्हतं. त्या पोरीच्या बापाने पेढे वाटले होते आणि हा माणूस त्याला समजुतीचा फोन करणार होता. मी मनाशी पक्कं ठरवलं. आज संध्याकाळी हे सगळ्यांसमोर, आणि शोभनाच्या कानावर घालूनच.

५

सहाला सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जमले. उपासना दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घेऊन. मी स्पीकरफोनवर शोभनाचा नंबर लावला. तिकडे रविवारची सकाळ उजाडली होती.

"शोभना, फोन ठेवू नकोस, नुसती ऐक," मी म्हटलं आणि घरून आणलेला चिकवड्यांचा डबा टेबलावर ठेवला. "प्रसन्न म्हणतो, तो मागच्या डेकवर उन्हात बसला होता आणि तिथे माझ्या चिकवड्या वाळत होत्या. शोभना, त्या कुठे वाळल्या?"

"गॅरेजच्या पत्र्यावर," फोनमधून आवाज आला. "मागे कुठल्या वाळतायत? मागे ऊन येतं का कधी?"

प्रसन्नने मान वर केली.

"मी बावळटासारख्या पहिल्या दिवशी मागेच घातल्या," मी म्हणाले. "का? तर इथे नोव्हायला सगळे जण दक्षिणेच्या डेकवर वाळवण घालतो. तिथेही मागे, दक्षिणेलाच डेक दिसला आणि मी पसरून मोकळी झाले. पण मेरिंडी पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात. तिथे सूर्य उत्तरेकडून जातो. हिवाळ्यात तर मागच्या डेकवर दुपारभर घराची सावली आणि दक्षिणेचा गार वारा. स्वेटर काढायचं सोड, तिथे कोणी बसत नाही. मी फसले, माझ्या चिकवड्या वाळेचनात, म्हणून मला कळलं. प्रसन्न, तू रात्रीचा जेवायला यायचास, तुला हे कसं कळणार? तू पहिल्या दिवशी चिकवड्या पाहिल्यास आणि उरलेलं ऊन इथल्या डेकवरून नेलंस."

विवेक पुटपुटला, "ओ माय गॉड. द सन इज इन द नॉर्थ."

"डेकवर तू नव्हतास," मी प्रसन्नला म्हटलं. "घरातच होतास. आणि घरात होतास हे लपवायची गरज एकालाच होती. उपासनाची पावलं वाजली तेव्हा कपाट उघडं होतं आणि नथ तुझ्या हातात होती. तू कपाट लोटून बाथरूममध्ये शिरलास. ती शाल घेऊन गेली, आणि तुला आयती चोर मिळाली."

"ताई, काय वाट्टेल ते बोलताय," प्रसन्न म्हणाला. पण आवाज स्टेजवरचा नव्हता. "माझ्या आईची नथ मी चोरेन?"

"चोरली नाहीस, लपवलीस. आईची वस्तू फेकून देणं तुझ्याच्याने झालं नसतं. बरोबर आणणंही नाही, माझ्या मेतकुटाचं काय झालं ते पाहून तुला घाम फुटला होता. म्हणजे ती त्या घरातच आहे. पण शोभना तर रोज घर झाडते. तिचा हात जात नाही अशी जागा त्या खोलीत एकच, आणि ती तिच्या भावालाही ठाऊक." मी फोनकडे वळले. "शोभना, आज मी सांगते म्हणून. अनिलरावांच्या कोटाचे खिसे बघ."

पलीकडे पावलं वाजली. मग कपाटाच्या दाराची कुरकुर. आणि मग शोभनाचं रडणं.

"आतल्या खिशात आहे," ती म्हणाली. "प्रसन्न, त्यांच्या कोटात? त्यांच्या कोटात हात घातलास तू?"

प्रसन्न टेबलाकडे पाहत राहिला. "मला लग्न मोडायचं होतं," तो शेवटी म्हणाला. "मोडलं नसतं तर नथ सापडली म्हणून सांगणारच होतो. लोकांत बोलणं वेगळं असतं, ताई. आईची नथ तिच्या नाकात... मला बघवलं नसतं."

मी रेखाकडे पाहायला घाबरले होते, खरं सांगते.

"पण ती तिच्या नाकात जाणारच नव्हती," फोनमधून शोभना म्हणाली. "उपासना, सांगितलं नाहीस का अजून?"

उपासनाने मान हलवली, मग शोभनाला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "नाही, आत्या."

"मी नथ तिला द्यायला गेले," शोभना म्हणाली, "तर ही पोर म्हणाली, आमच्या बौद्ध लग्नात मी पांढरी साडी नेसणार, मला नथ लागत नाही. आणि ज्यांनी तीस वर्षं वाट पाहिली त्यांच्याआधी मी कशी घेऊ? जेवताना आईचा विषय निघाला तेव्हा रेखाचा चेहरा हिने पाहिला होता. म्हणाली, रेखाकाकूंना द्या, पण माझं नाव नको, त्यांनी स्वतः उघडावी. प्रसन्न, ती डबी तुझ्या बायकोची होती."

प्रसन्नने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. विवेक उठून उपासनाकडे गेला आणि तिच्यासमोर नुसताच उभा राहिला.

"उपासना, उद्या..." त्याने सुरुवात केली.

"उद्याचं कॅन्सलच राहू दे, विवेक," ती म्हणाली. "तू मला एक फोन नाही केला. तुला अजून मी हवी असेल तर पहिल्यापासून विचार. आणि नागपूरला येऊन, बाबांच्या समोर."

"येतो," तो म्हणाला. बाकी काही त्याला सुचलं नाही आणि ते बरंच झालं.

रेखा उठली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. डबीतली मखमल बोटाने सारखी केली, झाकण लावलं आणि डबी घेऊन फोनशी गेली.

"शोभनाताई, नथ पोस्टाने पाठवू नका. घ्यायला मी येते."

"ये ना. दोघं कधी येता?"

"हे येणार नाहीत," रेखा म्हणाली. मग उपासनाकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त डोळे भरले होते. "मला एकटीला विमान बदलायला जमत नाही. तू येशील का माझ्याबरोबर?"

उपासनाने मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली. "येते. पण काकू, शाल जवळच ठेवा यावेळी," ती म्हणाली, "आणि बसायचं पुढच्या अंगणात."

रेखा हसली आणि त्याच श्वासात रडली. मी कढई शोधून तेल तापत ठेवलं आणि चिकवड्या तळायला घेतल्या.